रिनोव्हेशनसाठी स्वीट होम थ्रीडी कसं शिकायचं (आणि आधी आहे तेच घर का काढायचं)

रिनोव्हेशन ठरलं की पहिल्या आठवड्यातच टाइल्सची दुकानं, मॉड्युलर किचनची शोरूम्स आणि मोबाइलवर सेव्ह केलेले फोटो सुरू होतात, आणि घराचा नकाशा मात्र शेवटी कॉन्ट्रॅक्टर एखाद्या बिलाच्या मागे पेनने काढून दाखवतो. त्या नकाशावर लाखो रुपयांची तोडफोड होते. म्हणून मी भेटेल त्याला सांगतो की एखादं घर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर स्वतः शिका, अवघड नाहीये, नेटाने बसलात तर दोन-तीन वीकेंडमध्ये कामापुरतं येतं. फक्त एक अट पाळा, नवीन घर काढायच्या आधी आज आहे ते घर जसंच्या तसं काढा, बीम, कॉलम, पाइप, वाकड्या भिंती सगळ्यासकट. हे झालं की पुढचं सगळं सोपं होतं, हे नाही केलं तर स्क्रीनवर जे दिसतंय ते तुमचं घर नसतंच.

कुठलं सॉफ्टवेअर? मी स्वीट होम थ्रीडी सुचवतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, इंटरनेट नसलं तरी चालतं आणि जुन्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी पळतं. एमान्युएल प्युबारे नावाच्या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००६ मध्ये आणलं आणि अजून अपडेट येतात. स्केचअप पण चांगलंय, ब्राउझरमध्ये त्याची फुकट आवृत्ती चालते, पण त्यात तुम्ही आधी आकार बनवायला शिकता आणि घर नंतर येतं. आपल्याला भिंत काढली की भिंतच हवी आहे, म्हणून हे बरं. आर्किटेक्ट-इंजिनिअर वापरतात त्या ऑटोकॅडच्या वाटेला घरच्या कामासाठी जायची गरज नाही.

उदाहरणासाठी मी आमच्या आईबाबांचं डोंबिवलीचं घर घेतो, नव्वदच्या दशकातली बिल्डिंग, टू बीएचके, किचन अरुंद, पॅसेज अंधारा, आणि आईची एकच मागणी की ओट्यापाशी दोन माणसं उभी राहिली पाहिजेत. अशी घरं महाराष्ट्रात हजारोंनी आहेत त्यामुळे तुमचं घर साधारण असंच असेल.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी माप घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि इथेच लोक घाई करतात. बिल्डरच्या ब्रोशरमधला किंवा ॲग्रीमेंटला जोडलेला नकाशा आधाराला ठेवा पण त्यावर विसंबू नका, बांधताना इकडेतिकडे झालेलं असतं, शिवाय प्लास्टर, जुनी फरशी, आधीच्या मालकाने केलेले बदल. पाच मीटरची स्टीलची टेप, एक वही आणि टेपचं दुसरं टोक धरायला घरातलं कुणीतरी, एवढ्यात काम होतं. लेझर मीटर मिळाला तर उत्तम. सगळी मापं मिलिमीटरमध्ये लिहा. मला माहितीये आपल्याकडे सगळे फूट-इंचात बोलतात आणि सुतार तर सुतात बोलतो (८ सूत म्हणजे १ इंच, म्हणजे एक सूत ३ मिमीच्या थोडंसं वर), पण बेरीज-वजाबाकी मिलिमीटरमध्ये चुकत नाही आणि टेपवर दोन्ही असतंच. शेवटी मिस्त्रीला देताना फूट-इंच लिहून द्या.

प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, मग दोन्ही कर्ण. कर्ण सोडू नका. समजा बेडरूम ३००० बाय ३६०० आहे, तर खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण साधारण ४६८६ आले पाहिजेत. एक ४६६० नि दुसरा ४७१० आला तर खोली तिरकी आहे, आणि मग भिंत-टू-भिंत वॉर्डरोब करताना एका बाजूला फट राहणार हे तुम्हाला आजच कळलं. नंतर खिडकीची रुंदी, उंची, जमिनीपासून सिलपर्यंतचं (खिडकीच्या खालच्या कडेपर्यंतचं) अंतर आणि जवळच्या कोपऱ्यापासूनचं अंतर. दाराचं पण तसंच, आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजता येते, बाहेरची साधारण २३० मिमी म्हणजे ९ इंची आणि आतली ११५ म्हणजे साडेचार इंची विटेची असते, वर प्लास्टर धरून थोडी जास्त भरते. शेवटी छत. स्लॅबची उंची वेगळी मोजा, बीमच्या खालची उंची वेगळी मोजा. आणि ज्या गोष्टी हलत नाहीत त्यांची वेगळी यादी करा, कॉलम, बीम, डक्ट, बाथरूमची नि मोरीची ड्रेनेज लाइन, गॅस पाइप, मेन इलेक्ट्रिक बोर्ड.

आता सॉफ्टवेअर. उघडलं की चार भाग दिसतात, डावीकडे वर फर्निचरचा कॅटलॉग, त्याखाली तुम्ही घरात ठेवलेल्या वस्तूंची यादी, उजवीकडे वर प्लॅन आणि त्याखाली थ्रीडी. प्लॅनमध्ये काढायचं, थ्रीडीत ते लगेच उभं राहतं. बटणं बघून दचकू नका, सुरुवातीला पाच-सहाच लागतात.

पहिलं काम प्रेफरन्सेसमध्ये जा आणि युनिट मिलिमीटर करा. तिथेच नवीन भिंतीची जाडी आणि उंची असते. उंची आधीपासून अडीच मीटर भरलेली असते, ती तुमच्या स्लॅबच्या मापाने बदला, आमच्याकडे २८५० आली. हे पहिल्याच दिवशी केलं तर पुढे प्रत्येक भिंतीवर जाऊन उंची बदलत बसावं लागत नाही.

जुना नकाशा असेल तर त्याचा सरळ वरून फोटो काढा किंवा स्कॅन करा आणि प्लॅन मेनूतून बॅकग्राउंड इमेज म्हणून घ्या. सॉफ्टवेअर एक रेघ दाखवेल, ती नकाशातल्या माहीत असलेल्या लांबीवर बसवायची आणि ती लांबी लिहायची, की सगळा नकाशा त्या स्केलमध्ये येतो. यासाठी घरातली सगळ्यात लांब भिंत घ्या, छोट्या दारावर स्केल लावलं तर चूक मोठी होत जाते. हा नकाशा फक्त खाली अंदाजाला, मापं आपल्या वहीतली.

भिंत काढायची म्हणजे क्रिएट वॉल्स घ्या, एका कोपऱ्यात क्लिक, दुसऱ्या कोपऱ्यात क्लिक, असं फिरत या, शेवटी डबल क्लिक. माउसने अचूक लांबी येत नाही म्हणून वैतागू नका, काढता काढता एंटर दाबा, लांबी नि कोन लिहायला चौकट येते, तिथे आकडा टाका. भिंती आपोआप ठरावीक कोनात चिकटतात, याला मॅग्नेटिझम म्हणतात आणि ते चालू असलेलंच बरं, फक्त तिरकी भिंत काढताना विंडोजवर ऑल्ट दाबून धरा म्हणजे तेवढ्यापुरतं सुटतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण बहुतेक जण इथेच अडकतात. सॉफ्टवेअर भिंतीची लांबी भिंतीच्या मधल्या रेघेवर मोजतं, तुम्ही टेपने मोजली ती आतली लांबी आहे. म्हणजे खोली आतून ३६०० आहे, एका टोकाला २३० ची भिंत आणि दुसऱ्या टोकाला ११५ ची, तर दोन्हींची अर्धी अर्धी जाडी मिळवायची, ३६०० अधिक ११५ अधिक ५७.५, म्हणजे साधारण ३७७३. एंटर दाबून ३७७३ लिहायचं. पहिल्या खोलीला हे हिशोब वहीत करा, दुसऱ्या खोलीपासून हात बसतो. मग डायमेन्शनचं टूल घेऊन आतल्या बाजूने मोजा, ३६०० दिसलं की बरोबर. एकच खोली आधी पूर्ण करा, तिची चारही मापं आणि दोन्ही कर्ण जुळले की मगच शेजारची खोली घ्या. सगळं घर घाईत काढून मग चूक शोधणं फार त्रासाचं आहे.

दारं-खिडक्या कॅटलॉगमधून ओढून भिंतीवर सोडल्या की आपोआप भिंतीत बसतात. नंतर डबल क्लिक करून रुंदी, उंची आणि एलेव्हेशन भरा, एलेव्हेशन म्हणजे जमिनीपासून किती वर, खिडकीला सिलची उंची तीच. दार उलट्या बाजूने उघडत असेल तर तिथेच मिरर्ड शेपवर टिक करा. प्लॅनमध्ये दार उघडण्याची कमान दिसते, ती कमान फार कामाची आहे, बाथरूमचं दार आणि बेडरूमचं दार एकमेकांवर आपटणार का, कपाटाचं दार पलंगाला अडणार का, हे सगळं त्या कमानीतून कळतं.

खोलीची जमीन करायला क्रिएट रूम्स घेऊन बंद भिंतींच्या आत डबल क्लिक केलं की खोली तयार, क्षेत्रफळही दिसतं. हे टाइल्सच्या हिशोबाला लागतं. ३००० बाय ३६०० ची बेडरूम म्हणजे १०.८ चौरस मीटर, दोन बाय दोनची म्हणजे ६०० बाय ६०० ची टाइल ०.३६ ची, म्हणजे ३० टाइल्स, त्यात कापाकापीसाठी दहा टक्के धरले की ३३. दुकानदाराच्या आकड्याशी ताडून बघता येतं.

आता बीम आणि कॉलम. कॅटलॉगमध्ये किरकोळ वस्तूंच्या गटात एक साधा बॉक्स आहे, तो घ्या. कॉलमसाठी कॉलमच्या मापाचा बॉक्स जमिनीपासून स्लॅबपर्यंत. बीमसाठी आडवा बॉक्स, आमच्या किचनमध्ये बीमची खालची बाजू २४०० वर होती, तर एलेव्हेशन २४०० आणि उंची ४५०. यांना भडक लाल रंग द्या. ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनसाठी पॉलिलाइन (वळणं घेत जाणारी सलग रेघ) काढा, ड्रेनेज तपकिरी, पाणी निळं, असा काहीही ठराव करा. हे थ्रीडीत सुंदर दिसत नाही पण हाच तुमच्या प्लॅनचा कणा आहे. कारण सॉफ्टवेअर तुम्हाला कधीच अडवत नाही, कॉलम निवडून डिलीट दाबलं की कॉलम जातो, किचन हलवून बेडरूमच्या जागी नेलं तरी चालतं, त्याला तुमच्या बिल्डिंगबद्दल काहीच माहीत नसतं. लाल दिसलं की तिथे हात लावायचा नाही, ही सवय लागली पाहिजे.

हे मी फार कळकळीने सांगतोय. आरसीसी म्हणजे काँक्रीटच्या कॉलम-बीमवर उभ्या बिल्डिंगमध्ये आतली साडेचार इंची भिंत बऱ्याचदा निघू शकते, पण जुन्या लोडबेअरिंग बांधकामात वरचा सगळा भार भिंतींवरच असतो, आणि कुठली भिंत कसली आहे हे लॅपटॉपवर ठरत नाही. भिंत पाडायची असेल तर लायसन्स असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा, सोसायटीची लेखी परवानगी घ्या, आणि स्ट्रक्चरमध्ये बदल असेल तर महापालिकेची परवानगी पण लागते. बाथरूम-टॉयलेट हलवायचा मोह टाळा. त्याखाली स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो किंवा पाइप खालच्या शेजाऱ्याच्या छतातून गेलेले असतात, तुम्ही दुसरीकडे नेलं तर उतार द्यायला जमीन उचलावी लागते आणि गळती सुरू झाली तर ती शेजाऱ्याच्या घरात. ओल्या खोल्या जागेवर ठेवून आत काय बदलता येतं ते बघा, त्यात भरपूर वाव असतो.

एवढं झालं की फाइल "आत्ताचं घर" नावाने सेव्ह करा आणि ती पुन्हा बदलू नका. प्लॅन मेनूत लॉक बेस प्लॅन आहे, ते लावलं की फर्निचर हलवताना चुकून भिंत सरकत नाही. पुढचा प्रत्येक विचार सेव्ह ॲज करून वेगळ्या फाइलमध्ये करा, "किचन पर्याय १", "किचन पर्याय २", असं. जुनी फाइल शाबूत असली की डोकं शांत राहतं नि काहीही करून बघायची हिंमत येते.

आता फर्निचर, आणि इथे सावध रहा. कॅटलॉगमधल्या वस्तू परदेशी मापाच्या आहेत, पलंग, कपाटं, किचन कॅबिनेट, सगळंच. प्रत्येक वस्तूवर डबल क्लिक करून आपलं माप टाका. घरात राहणार असलेल्या वस्तू टेपने मोजा, नवीन घ्यायच्या असतील तर दुकानातून माप आणा. क्वीन गादी आपल्याकडे साधारण ६० बाय ७८ इंच म्हणजे १५२४ बाय १९८१, पण पलंगाची चौकट नि डोक्याकडची फळी धरून जागा जास्त लागते. वॉर्डरोबची खोली (म्हणजे पुढून मागेपर्यंतचं माप) ६००. माळा म्हणजे २१०० एलेव्हेशनवर ठेवलेला बॉक्स. देव्हारा, पाण्याचा पिंप, शिलाई मशीन, मिक्सर ठेवायची जागा, गॅस सिलिंडर, कपडे वाळत घालायचा स्टँड, इस्त्रीचं टेबल, हे कॅटलॉगमध्ये सापडलं नाही तर बॉक्स करून नाव द्या. या गोष्टी नसतात म्हणून प्लॅनमध्ये घर मोकळं वाटतं आणि राहायला गेलं की दाटी होते.

ओटा पण कॅटलॉगमधल्या कॅबिनेटने करू नका, सरळ ६०० खोलीचा बॉक्स घ्या. उंची साधारण ८५० करतात पण ही उंची ज्याच्या हाताखाली तो ओटा राहणार त्या माणसाची बघून ठरवायची. आई उंचीने कमी आहे, जुना ओटा तिला उंच पडायचा, पोळ्या लाटताना खांदे वर जायचे. तिला नेहमीच्या चपला घालून उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि कोपरापासून जमीन मोजली, कोपराच्या साधारण चार ते सहा इंच खाली ओटा आला की हाताला आराम पडतो. तिच्यासाठी ८०० बसलं आणि तेच फाइलमध्ये टाकलं.

मग चालायची जागा. पॅसेजला ९०० मिमी हवंच, पलंगाच्या ज्या बाजूने उठता-बसता त्या बाजूला निदान ६००, जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीमागे ७५० च्या वर, आणि समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये १२००. किचनमध्ये फ्रिजचं दार पूर्ण उघडल्यावर समोर किती राहतं ते बघा, त्यासाठी फ्रिजच्या पुढे दाराएवढा एक पातळ बॉक्स ठेवायचा. आमच्या किचनची रुंदी आतून २१०० होती. दोन्हीकडे ६०० चे ओटे केले तर मध्ये ९०० च राहत होते, म्हणजे एकाने खाली वाकून ट्रॉली उघडली की दुसऱ्याची वाट बंद. आईची मागणी तिथेच फसत होती. मग दुसऱ्या बाजूला ओट्याऐवजी ३०० खोलीची उंच मांडणी टाकली, डबे-बरण्यांना तेवढी खोली पुरते, मध्ये पूर्ण १२०० मिळाले, नि फ्रिज बाहेर पॅसेजच्या तोंडाशी आला. हे सगळं भिंतीला धक्का न लावता. शोरूमवाल्याने समोरासमोर ओटेच दाखवले होते, ते फोटोत छानच दिसत होते.

प्लॅन बसला की थ्रीडीत व्हर्च्युअल व्हिजिट लावा आणि घरात फिरा. त्यात बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची बदलता येते, ती घरच्या माणसाची टाका. आईच्या डोळ्यांच्या उंचीवर आणलं तेव्हा वरच्या कपाटाचा दुसरा खण तिला दिसणारच नाही हे कळलं, कपाटं शंभर मिलिमीटर खाली घेतली. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी किती रुंद दिसतं ते, फार वाढवू नका, खोली खोटी मोठी दिसते.

एक फीचर लोक बघतच नाहीत ते म्हणजे प्लॅनवरचं होकायंत्र. त्याची उत्तर दिशा तुमच्या खऱ्या उत्तरेला फिरवा, डबल क्लिक करून गावाचे अक्षांश-रेखांश भरा, डोंबिवलीचे साधारण १९.२ उत्तर आणि ७३.१ पूर्व. मग क्रिएट फोटोमध्ये क्वालिटी वाढवून तारीख आणि वेळ टाकली की त्या वेळचं ऊन घरात कुठे पडतं ते दिसतं. मे महिन्यात संध्याकाळी पाचची वेळ टाकून बघा आणि मग डिसेंबरची टाका. आपल्याकडे मेअखेर सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला सरकून मावळतो, डिसेंबरात दक्षिणेकडे, त्यामुळे वायव्येच्या खिडकीतून उन्हाळ्यात कडक ऊन येतं नि थंडीत फारसं येत नाही. पलंगाचं डोकं कुठे, टीव्हीवर झळाळी येईल का, कुठल्या खिडकीला जाड पडदा, हे यातून ठरवा. समोर दुसरी बिल्डिंग असेल तर तिचाही एक मोठा बॉक्स ठेवा, नाहीतर खोटं ऊन दिसेल. टाइल्सचे रंग मात्र फोटोवरून ठरवू नका, ते दुकानात आणि घरी नमुना आणून, दिवसा आणि ट्यूबलाइटमध्ये.

लाइटचे पॉइंट या फाइलमध्येच मांडा, टेक्स्ट टूलने. फर्निचर जागेवर बसलेलं असतं त्यामुळे पलंगाच्या दोन्ही बाजूंचे स्विच, मिक्सर-ओव्हन-फिल्टरचे पॉइंट, वॉशिंग मशीन, एसी, राउटर, सगळं सुचत जातं. जमिनीपासूनची उंचीपण लिहा. इलेक्ट्रिशियन भिंतीला झिरी मारायच्या आधी हा कागद त्याच्या हातात पाहिजे.

प्रिंट काढताना पेज सेटअपमध्ये स्केल ठरवता येतं, १ ला ५० ठेवलं तर ९ मीटरचं घर १८ सेंटीमीटरमध्ये येतं, एफोरवर आरामात बसतं. व्हॉट्सॲपवर पाठवाल तर स्केल राहत नाही, म्हणून महत्त्वाची मापं आकड्यात लिहिलेली असू द्या, मिलिमीटर आणि शेजारी फूट-इंच. एक प्लॅन तोडायच्या भिंतींचा, एक नवीन बांधकामाचा, एक पाण्याचा, एक लाइटचा, असे वेगवेगळे कागद काढा, सगळं एकावर कोंबलं की साइटवर कुणी वाचत नाही. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रिकाम्या घरात मिस्त्री आणि घरची माणसं मिळून नवीन ओटा, नवीन भिंत, फ्रिज, पलंग हे खडूने जमिनीवर आखून घ्या, माप प्रिंटवरून, आणि ज्याला तिथे रोज वावरायचंय त्याला त्या रेघांमध्ये फिरून बघू दे. काही खटकलं तर त्याच रात्री फाइल बदला, नवीन प्रिंटवर तारीख टाका आणि जुन्या प्रिंट साइटवरून गोळा करून घ्या, कारण दोन तारखांचे कागद साइटवर असले की प्लंबर एकाप्रमाणे आणि सुतार दुसऱ्याप्रमाणे काम करतो.